कांजिण्या मुलाला, काळजी घरातल्या इतरांची

पत्र : माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. वजन १८ किलो. २ मार्चला संध्याकाळी अंग गरम लागलं आणि पोटावर चार-पाच लाल ठिपके दिसले. आज ४ तारीख. पाठ, चेहरा, डोक्यातले केस, सगळीकडे पाण्याचे फोड आहेत. आमच्या डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. सासूबाई म्हणतात, अंगाला पाणी लावायचं नाही, फोडणीचं द्यायचं नाही, औषध तर नाहीच. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवलाय. ताप १०१ आहे आणि रात्रभर खाजवतो. घरात तापाचं एक सिरप आहे, ते चालेल का? धाकटी मुलगी अडीच वर्षांची आहे, तिच्या सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या लसी झाल्यात. नणंद माहेरपणाला आली आहे, तिला अठरावा आठवडा चालू आहे. १४ तारखेला चुलत दिराचं लग्न आहे. मुलाला सासूबाईंजवळ घरी ठेवून बाकीच्यांनी जायचं ठरतंय. शाळेत चौकशी केली, तिथे कुणालाच कांजिण्या नाहीत. मग आल्या कुठून? (सासऱ्यांना गेल्या महिन्यात कमरेला नागीण झाली होती, ती आता बरी आहे.)
— एक वाचक, कराड

उत्तर : नणंदेबद्दलचं आणि मुलीच्या लसीबद्दलचं उत्तर तुम्हाला ४ तारखेलाच कळवलं, कारण ते छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इथे ते कारणांसह देतो आहोत, कारण असंच घर आणखी बऱ्याच जणांचं असणार.

तुम्ही शेवटी कंसात जी ओळ लिहिली आहे, तीच तुमच्या प्रश्नाचं उत्तर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूमुळे होतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं निपचित राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती कमी पडली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेवर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. त्या फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. नागिणीचे फोड ओले असताना नातू आजोबांच्या मांडीवर बसला, त्यांच्या टॉवेलने अंग पुसलं, एवढं पुरतं. पण त्याला नागीण होणार नाही, कांजिण्या होतील, कारण त्याच्यासाठी हा विषाणू नवा आहे. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकांना १४ ते १६. २ मार्चमधून ते वजा केले तर फेब्रुवारीचा मध्य येतो. सासऱ्यांच्या नागिणीच्या तारखा तुम्हीच ताडून बघा.

उलट्या दिशेची भीती मात्र नको. नातवाच्या कांजिण्यांमुळे आजोबांना नागीण होत नाही. त्यांची नागीण त्यांच्याच शरीरातल्या विषाणूची होती.

आता मुख्य मुद्दा. सहा वर्षांच्या, एरवी धडधाकट मुलाला कांजिण्या होतात आणि आठवडा-दहा दिवसांत बऱ्या होतात. त्रास होतो, पण धोका क्वचितच. म्हणून मुलाच्या अंगावरचे फोड मोजण्याआधी घरातली माणसं मोजा. प्रत्येकाबद्दल एकच विचारायचं: यांना पूर्वी कांजिण्या झाल्या होत्या का, किंवा लस घेतली आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर एका घरात राहणाऱ्या अशा दहापैकी जवळपास नऊ जणांना लागण होते. विषाणू हवेतूनही पसरतो आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. म्हणजे २८ फेब्रुवारीपासून तुम्ही सगळे संपर्कात आहात. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवून आता फारसं वाचत नाही.

नणंद सगळ्यात आधी. ‘लहानपणी झाल्याच असतील’ यावर विसंबू नका. थंड देशांत बहुतेकांना शाळकरी वयातच कांजिण्या होतात, आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात तसं नसतं. इथे मोठेपणीही कांजिण्या न झालेले बरेच लोक असतात. नणंदेच्या आईला, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, नेमकं विचारा. त्यांना नक्की आठवत असेल तर प्रश्न जवळपास मिटला. आठवत नसेल तर त्याच दिवशी तिच्या प्रसूतितज्ज्ञांना फोन करायचा. फोनच, थेट जाऊन बाकावर बसायचं नाही. तिथे इतर गरोदर बायका बसलेल्या असतात, आणि तिला लागण झालेली असेल तर संपर्काच्या आठव्या दिवसापासून ती स्वतः ती पसरवू शकते.

डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतील, व्हॅरिसेला झोस्टर आयजीजी. ती पॉझिटिव्ह आली तर उलट चांगली बातमी: शरीरात आधीच संरक्षण आहे, काही करायची गरज नाही. अहवाल हातात आल्यावर ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घरात रडारड होते, म्हणून मुद्दाम सांगतो. ती निगेटिव्ह आली तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं, व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन. ते जितकं लवकर तितकं बरं, आणि संपर्कापासून दहा दिवसांच्या आत. तुमच्या बाबतीत १० मार्चपर्यंत. हे इंजेक्शन औषधाच्या प्रत्येक दुकानात नसतं, मोठ्या शहरातून मागवावं लागू शकतं. तेव्हा तपासणी ‘उद्या-परवा बघू’ म्हणून ढकलली की हातातले दिवस सुटतात. ते मिळालं नाही तर काही डॉक्टर संपर्काच्या सातव्या दिवसापासून ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या सुरू करतात. निर्णय त्यांचा. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात द्यायची नसते.

एवढी घाई कशासाठी? गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर तिला न्यूमोनिया होण्याचा धोका असतो, आणि तो गंभीर असू शकतो. पहिल्या वीस आठवड्यांत बाळाच्या वाढीवर परिणाम होण्याचीही शक्यता असते. आईला कांजिण्या झाल्या तरच, आणि तेव्हाही शंभरात दोन किंवा त्याहून कमी. म्हणजे घाबरून पुढचं काही टोकाचं ठरवण्याइतकी ती मोठी नाही, पण तपासणी टाळण्याइतकी लहानही नाही. आणि तिला लगेच एसटीत बसवून सासरी पाठवू नका. संपर्क होऊन गेला आहे. तपासणीआधी पाठवलं तर कदाचित आजारही सोबत जाईल.

धाकटी मुलगी. सरकारी कार्डावरच्या सगळ्या लसी झाल्या म्हणजे कांजिण्यांची झाली, असं नसतं. ही लस मोफत राष्ट्रीय लसीकरणात नाही, ती खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते. पहिला डोस १५ महिन्यांनंतर, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. संपर्क झाल्यावर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत पहिला डोस दिला तर कांजिण्या टळू शकतात किंवा अगदी सौम्य होतात. दिवस मोजायचे ते मुलाच्या पुरळापासून नव्हे, त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. म्हणून तुमच्यासाठी शेवटची तारीख ५ मार्च होती. ती हुकली तरी लस वाया जात नाही. लागण होऊन गेली असेल तर लसीमुळे आजार वाढत नाही, आणि झाली नसेल तर पुढच्या वेळेला उपयोगी पडते.

लस घेऊनही तिला पुरळ आलं तर बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा. घरातल्या दुसऱ्या रुग्णाला बहुधा पहिल्यापेक्षा जास्त फोड येतात, कारण तो रात्रंदिवस जवळ असतो आणि विषाणूचा मोठा डोस घेतो. ॲसायक्लोव्हिर एरवी निरोगी लहान मुलांना सर्रास देत नाहीत, पण अशा दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर त्याचा विचार करतात. आणि ते पुरळाच्या पहिल्या २४ तासांत सुरू केलं तरच खरा उपयोग होतो. चौथ्या दिवशी ‘आता काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणण्यात अर्थ नसतो.

तुमच्या यजमानांचं पत्रात काहीच नाही. मोठ्यांना कांजिण्या झाल्या तर मुलांपेक्षा बऱ्याच जड जातात, सिगारेट ओढणाऱ्यांना आणखी. त्यांना झाल्या नसतील तर त्यांनीही लस घ्यावी: दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. पुरळ दिसलंच तर ‘पोरांचा आजार आहे’ म्हणून कामावर न जाता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. तुमचं स्वतःचंही याच मापाने तपासा. सासूबाईंना लहानपणी झाल्या असतील तर मुलाची शुश्रूषा करायला घरात त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही.

लग्नाचा बेत तुम्ही नेमका उलटा केला आहे. १४ तारखेपर्यंत मुलाच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरलेल्या असतील. साधारण पाच-सहा दिवसांत, म्हणजे ८ तारखेच्या आसपास धरतात. सगळे फोड कोरडे झाले आणि नवा फोड आला नाही की त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. खपल्यांतून कांजिण्या पसरत नाहीत. चेहऱ्यावर डाग दिसतील, लोक दोन पावलं मागे सरतील, पण तो निर्धोक असेल. मुलीचं तसं नाही. तिचा संपर्क २८ फेब्रुवारीपासून सुरू झाला आणि मुलाच्या खपल्या धरेपर्यंत चालू राहिला, त्यामुळे तिला ८ मार्च ते २९ मार्च या काळात केव्हाही लागण पसरवता येऊ शकते, तीही पुरळ दिसण्याआधीच. लग्नघरात गरोदर बायका असतात, तान्ही बाळं असतात, कुणाचं केमो चालू असतं. तेव्हा मुलगा गेला तर चालेल. मुलगी, आणि पूर्वी कांजिण्या न झालेलं घरातलं कुणीही, यांनी घरी थांबावं. हे पाहुण्यांना समजावणं अवघड जाईल, याची कल्पना आहे.

आता मुलाकडे वळू.

घरातल्या सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आधी वाचा. आपल्याकडे तापाच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असतं. कांजिण्यांत ही दोन्ही नकोत. आयबुप्रोफेन आणि त्वचेखालचा खोल, झपाट्याने पसरणारा जिवाणूसंसर्ग यांचा संबंध कांजिण्यांच्या मुलांत आढळला आहे. ॲस्पिरिन तर अजिबात नाही; त्याने यकृत आणि मेंदूवर सूज आणणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. निमेसुलाइड भारतात १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली कपाटात असू शकते.

द्यायचं ते नुसतं पॅरासिटामॉल. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. १८ किलोच्या मुलाला म्हणजे १८० ते २७० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर ५ मिलिलिटर. ‘५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल तर १० मिलिलिटर. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि चूक इथेच होते. बाटलीसोबतच्या मापानेच द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. सर्दीचं सिरप सोबत देऊ नका, त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. मूल तापातही खेळत असेल तर आकडा उतरवण्यासाठी औषध द्यायची गरज नाही, ते बरं वाटावं म्हणून असतं. ओळखीच्याने दिलेले स्टिरॉइडचे थेंब किंवा मलम नको. मुलाने गेल्या काही आठवड्यांत स्टिरॉइडचं औषध पोटात घेतलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. फोड पिकलेले नसतील तर अँटिबायोटिकचंही काम नाही.

अंघोळ रोज घाला. सासूबाईंना कारण सांगा: कांजिण्यांतला सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे खाजवलेल्या फोडात नखातले जिवाणू शिरणं. न धुतलेल्या, घामट अंगावर तो जास्त होतो. कोमट पाणी, सौम्य साबण, दहा मिनिटं पुरे. घासायचं नाही. मऊ पंचाने टिपून घ्यायचं, आणि तो पंचा इतर कुणी वापरायचा नाही. खाज फार असेल तर मूठभर साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे करून पातळ फडक्यात बांधा, ती पुरचुंडी बादलीतल्या कोमट पाण्यात पिळा आणि ते पाणी अंगावर सोडा. अंग कोरडं झाल्यावर कॅलामाइन लोशन बाटली नीट हलवून कापसाने टिपत लावा, दिवसातून तीन-चारदा. डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटलेल्या फोडांवर नाही. टाल्कम पावडर नको. नखं मुळापर्यंत कापा, रात्री हातांत स्वच्छ सुती मोजे घाला. रात्रीची झोप उडत असेल तर खाजेचं तोंडाने घ्यायचं औषध डॉक्टर वजनाप्रमाणे देतील. अंधाऱ्या, बंद खोलीत पांघरुणाखाली ठेवण्याची पद्धत सोडा. घाम आला की खाज वाढते.

कडुलिंबाचा पाला उशाशी राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. डहाळीने फोडांवरून फिरवायचा मात्र नाही, कारण फोड फुटतात. वाटून लेपही नको. आणि कडुलिंबाचं तेल मुलाच्या पोटात जाता कामा नये. लहान मुलांत त्याने झटके आणि मेंदूचा गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. देवीच्या साथीच्या काळात, जेव्हा आजारी पडलेल्या दहांपैकी तिघे दगावत, तेव्हा दाराला पाला बांधून लोकांना लांब ठेवण्यात शहाणपण होतं. देवीचा आजार १९८०मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. कांजिण्या हा त्याहून वेगळा आणि बराच सौम्य आजार आहे.

जेवणात पथ्य एकच: तोंडातल्या फोडांना झोंबेल ते नको. तिखट, आंबट, कुरकुरीत टाळा. मऊ वरण-भात आणि तूप, पेज, नाचणीची आंबिल, दही, केळं, गार दूध, सगळं चालतं. मीठ आणि तेल तोडायचं कारण नाही. दर सहा-आठ तासांनी लघवी होते ना, एवढं बघा.

नवे फोड साधारण तीन ते पाच दिवस येत राहतात, म्हणून एकाच वेळी ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली तिन्ही दिसतात. औषध लागू पडत नाही, असा त्याचा अर्थ नाही. पण पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवतीची त्वचा लाल, गरम, टणक झाली आणि लाली पसरत चालली, फोडांत पू किंवा रक्त दिसलं, डोळ्यात फोड आला, सातव्या दिवसानंतरही नवे फोड येत राहिले. धाप लागणं, सारख्या उलट्या, मान ताठ होणं, मूल गुंगीत राहणं किंवा असंबद्ध बोलणं, यासाठी सकाळपर्यंतही थांबू नका. आठवड्याभराने, फोड सुकल्यावर, मूल चालताना झोकांड्या खाऊ लागलं तर तेही दाखवाच. लहान मेंदूला सूज आल्याने क्वचित असं होतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण तपासणी लागते.

खपल्या एक-दोन आठवड्यांत आपोआप गळतात. डाग काही महिने राहतात आणि फिके होतात. खड्डे पडतात ते बहुतेक खपली ओरबाडल्यामुळे किंवा फोड पिकल्यामुळे. कपडे-अंथरूण जाळू किंवा टाकू नका, नेहमीसारखं साबणाने धुऊन उन्हात वाळवा. सासरे बरे झाले असले तरी पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस आता भारतात मिळते. मधुमेह असेल तर त्यांनी आणि सासूबाईंनी डॉक्टरांशी बोलावं.

शाळेत मुलाला शेवटचा फोड सुकल्यावरच पाठवा. वर्गशिक्षिकांना मात्र आजच कळवा, कारण २८ फेब्रुवारीपासून घरी बसेपर्यंत तो वर्गात बसला असेल तर तिथेही संपर्क झाला आहे. एखाद्या शिक्षिका गरोदर असतील, किंवा वर्गात किडनीच्या आजारासाठी स्टिरॉइड घेणारं किंवा कॅन्सरवर उपचार चालू असलेलं मूल असेल, तर त्यांच्याही दहा दिवसांची मोजणी सुरू झाली आहे.